एसीतला कुबट वास: झाकू नका, सुकवा

आजचा विषय आहे एसी लावला की येणारा कुबट वास. आपल्या सातारा-सांगलीकडे एसी उन्हाळाभर चालतो आणि पाऊस लागला की बंद होतो. गडबड होते ती या बंद काळात.

कसं, ते सांगतो. एसीची कॉइल थंड असते. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि ट्रेमधून पाइपने बाहेर जाते. पण बंद केल्यावर थोडी ओल आत राहतेच. ओल, धूळ आणि अंधार मिळाला की बुरशी वाढते. पुन्हा एसी लावला की तिचे बीजाणू थेट खोलीत! घरात कुणाला दमा असेल तर हे चालवून घेऊ नका.

मी काय करतो? बंद करण्याआधी 15-20 मिनिटं फॅन मोड. सीझन संपताना दोनेक तास. दर 2 आठवड्यांनी फिल्टर धुवून, पूर्ण सुकवून लावतो. फोनवर रिमाइंडरच आहे.

मेन स्विच बंद करून टॉर्चने ब्लोअर बघा. काळे ठिपके दिसले तर नुसता फिल्टर धुवून भागत नाही. मेकॅनिककडून ब्लोअर, कॉइल, ट्रे धुवून घ्या. परफ्यूम फक्त वास झाकतो. ब्लीच आणि ॲसिड तर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सांगलीकरांनो, 2019 आणि 2021 सारखं पुराचं पाणी घरात आलं असेल, तर आधी भिंती सुकवा. भिंतच ओली असेल तर एसी कितीही धुवा, बुरशी परत येणार. आणि बुडालेलं आउटडोअर युनिट तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका.

भेटू पुढच्या भागात!