कुशाग्र बुद्धीची मुले आणि आपले कर्तव्य

शाळेच्या पारितोषिक समारंभाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाच मुलाचे नाव तीनतीनदा पुकारले जाते, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. अशा वेळी शेजारी बसलेले गृहस्थ हमखास म्हणतात, "ह्या मुलाची काय काळजी? माशाच्या पिलास का कोणी पोहावयास शिकवितो?" शिक्षकांच्या खोलीत आम्हीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत आलो. मागे पडणाऱ्या मुलांसाठी आम्ही जादा तास घेतो, त्यांच्या आईबापांस बोलावून घेतो, त्यांच्या वह्या घरी नेऊन तपासतो. आणि हुशार मुलाचे बरे चालले आहे असे समजून त्याच्याकडे पाठ फिरवितो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या मुलांचे नुकसान होते, हे आम्हांस अनुभवाने कळले. तो अनुभव, आणि त्या विषयी जाणत्या मंडळींनी जे शोधून काढले आहे ते, पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावर दिलेली गणिते तो दहा मिनिटांत संपवी आणि उरलेला तास इकडेतिकडे पाहत बसे. रिकामा बसू नये म्हणून आम्ही त्यास त्याच नमुन्याची आणखी पाच गणिते देऊ लागलो. तीही झाली की आणखी पाच. दोनतीन महिन्यांत असे दिसून आले की, त्याची गणिते बरोबर घंटेच्या वेळी संपतात. मुलगा स्थिरावला म्हणून आम्हांस समाधान वाटले. खरी गोष्ट अशी होती की, लवकर काम केल्यास अधिक काम शिक्षा म्हणून मिळते, हे त्याने ओळखले होते, आणि तो मुद्दाम सावकाश लिहीत होता. वर्षाच्या अखेरीस वह्या तपासताना त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर आकड्यांचे मनोरे आढळले. आम्ही ते नीट वाचलेही नाहीत. तांबड्या शाईने "वही घाण करू नये" असा शेरा मारला. वही परत देण्यापूर्वी सहज पुन्हा पाहिली, तेव्हा उमजले. एक अधिक तीन म्हणजे चार, त्यांत पाच मिळविले की नऊ, त्यांत सात मिळविले की सोळा. विषम संख्या क्रमाने मिळवीत गेल्यास दर वेळी वर्गसंख्याच येते, हे त्या मुलाने कोणी न सांगता शोधले होते. आम्ही त्या पानावर शेरा मारून बसलो होतो. पुढे त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो शाळा सोडून गेला. चूक दुरुस्त करण्याची संधी आम्हांस मिळाली नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की, अशी मुले ओळखावी कशी? परीक्षेतील पहिला क्रमांक ही एक खूण खरी. परंतु ती एकच खूण नव्हे. बुद्धी मोजण्याची आधुनिक रीत पॅरिस येथे आल्फ्रेड बिने ह्यांनी १९०५ साली सिद्ध केली, आणि तीही ज्या मुलांस शिकण्यास अधिक साहाय्य हवे ती निवडून काढण्यासाठी. पुढे अमेरिकेतील लुईस टर्मन ह्यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात अशा कसोट्यांच्या साहाय्याने सुमारे दीड हजार तीव्र बुद्धीची मुले निवडली व त्यांच्या आयुष्यक्रमाची नोंद अनेक दशके ठेविली. अशी मुले रोगट व एकलकोंडी निपजतात ही जुनी समजूत ह्या नोंदींनी दूर केली. परंतु त्याच वेळी एक मोठी गंमत झाली. ज्यांची परीक्षा घेऊन, गुण कमी पडले म्हणून, ज्यांस वगळले, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. ह्या दोघांसही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शॉकली ह्यांस १९५६ साली व अल्वारेझ ह्यांस १९६८ साली. निवडलेल्या मुलांपैकी मात्र एकासही ते मिळाले नाही. कसोटी निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे; कसोटीत न सापडलेले मूल सामान्यच असते असे समजू नये, एवढाच बोध घ्यावा.

शिक्षकाने व पालकाने डोळे उघडे ठेविल्यास दुसऱ्या खुणा दिसतात. मूल एकच प्रश्न चार दिवस धरून बसते. सांगितलेली रीत सोडून स्वतःची रीत काढते. "असे नसते तर काय झाले असते?" असे विचारते. आवडत्या विषयात जेवणाची शुद्ध राहत नाही, आणि नावडत्या विषयाची वही कोरी असते. कित्येकांचे अक्षर वाईट असते, कारण मनाच्या वेगाने हात चालत नाही. काहींची समज तल्लख असूनही अक्षरे जुळवून वाचणे त्यांस खरोखरच जड जाते. अशा मुलास आळशी म्हणणे हा अन्याय आहे. आणि जे मूल गरिबीच्या घरातून येते, ज्याच्या घरची बोली पुस्तकातील भाषेहून निराळी आहे, किंवा जी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळून उरलेल्या वेळात अभ्यास करते, त्यांची बुद्धी गुणपत्रिकेत पुरती उमटतच नाही.

मुलींच्या बाबतीत एक उदाहरण आपल्या सर्वांच्या आदराचे आहे. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. स्त्रियांनी संस्कृत शिकणे लोकांस रुचत नसतानाही त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्या मातेने आपल्या कन्येस शिकविले. शाळेचे तोंडही न पाहिलेली ही मुलगी १८७८ साली कलकत्त्यास गेली, तेव्हा तेथील पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला "पंडिता" म्हटले. तिला शिकविणारी आई मिळाली नसती तर तिच्या बुद्धीचा पत्ता कोणास लागला असता?

आता शाळेचे कर्तव्य पाहू. हुशार मुलास अधिक काम नको, अधिक खोल काम हवे. वीस बेरजा करणाऱ्यास एकविसावी बेरीज देण्यात अर्थ नाही, "ही रीत नेहमीच का लागू पडते?" असे विचारण्यात अर्थ आहे. जे त्यास येते त्याची परीक्षा आधीच घेऊन तो वेळ मोकळा करून द्यावा. एखाद्या विषयात मूल दोन इयत्ता पुढे असेल तर त्या विषयापुरते त्यास पुढे जाऊ द्यावे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जूलियन स्टॅन्ली ह्यांनी १९७१ पासून गणितात विशेष गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला; योग्य मुलास योग्य विषयात पुढे नेल्याने त्याचे नुकसान होते ही भीती बहुतांशी निराधार आहे, असे त्यातून दिसून आले. आणखी एक गोष्ट. हुशार मुलास मागे पडलेल्यांस शिकविण्यास बसवावे, ही आम्हां शिक्षकांची आवडती युक्ती आहे. अधूनमधून ती दोघांसही हितकर आहे; परंतु रोज तेच केल्यास ते मूल बिनपगारी शिक्षक होते आणि त्याचे स्वतःचे शिक्षण थांबते.

एकाच मापाने सर्वांस मोजल्यास काय होते, ह्याचे उदाहरण श्रीनिवास रामानुजन ह्यांच्या चरित्रात आहे. १९०४ साली कुंभकोणम येथील शाळेत गणिताचे बक्षीस मिळवून ते शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेले. गणितावाचून त्यांस दुसरे काही सुचेना. इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासेसही परीक्षेत अपयशच आले. मद्रास बंदराच्या कचेरीत महिना तीस रुपयांवर कारकुनी करीत असताना १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डी ह्यांस पत्र लिहिले, आणि १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले. इतर विषय शिकू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याची भूक एका विषयाची आहे त्यास त्या विषयाचा जाणता सोबती वेळेवर मिळाला, तर मधली वर्षे वाया जात नाहीत.

असा सोबती घरीही मिळू शकतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांचे बालपण काशी येथे गेले. त्यांचे वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. शिक्षणासाठी त्यांचे मोरूमामा त्या घरी राहावयास आले. ते घरातील फळ्यावर भाच्याच्या नावाने गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत, आणि भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते तेथेच राही. ही हकीकत नारळीकरांनी आपल्या "चार नगरांतले माझे विश्व" ह्या आत्मचरित्रात दिली आहे. कोणी म्हणेल, आमच्या घरी प्राध्यापक कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, फळ्यास प्राध्यापक लागत नाही. मुलाचा प्रश्न ऐकून घेणे, उत्तर येत नसेल तर "मलाही ठाऊक नाही, चल शोधू" असे म्हणणे, वाचनालयात त्याचे नाव घालणे, आणि उत्तराची घाई न करणे, ह्यांस खर्च नाही. ज्या आईस लिहिता येत नाही तीही भाकरी का फुगते, दही कसे लागते, हे मुलास पाहू व विचारू देऊ शकते.

कौतुकाविषयी पालकांनी विशेष जपावे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात क्लॉडिया म्यूलर व कॅरॉल ड्वेक ह्यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडविल्यावर काही मुलांस "तू हुशार आहेस" असे सांगितले, आणि काहींस "तू मेहनत केलीस" असे सांगितले. नंतर सर्वांस फार कठीण कोडी दिली, व शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. ज्यांची हुशारी वाखाणली होती त्यांचे काम पहिल्याहून वाईट झाले, आणि ज्यांची मेहनत वाखाणली होती त्यांचे सुधारले. इतकेच नव्हे, तर आपले गुण दुसऱ्यांस कळविण्याची वेळ आली तेव्हा पहिल्यांपैकी पुष्कळांनी ते वाढवून सांगितले. कारण उघड आहे. ज्यास हुशारीचे बिरूद लागले त्यास चूक म्हणजे बिरूद जाणे वाटते. मग तो कठीण वाट टाळतो. पाहुण्यांपुढे पाढे म्हणावयास लावणे, भावंडांशी तुलना करणे, दोन गुण कमी पडले म्हणून अबोला धरणे, ह्या सर्वांचा परिणाम हाच. हुशार मूलही मूलच आहे. त्यास खेळ, झोप, घरातील लहानसहान काम आणि चूक करण्याची मोकळीक इतरांइतकीच हवी.

बाहेरच्या साहाय्याचीही पालकांस माहिती असावी. पुणे येथे १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे ह्यांनी स्थापिलेली ज्ञानप्रबोधिनी ही संस्था बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार पुष्कळ वर्षे करीत आली आहे. खेड्यांतील मुलांसाठी सरकारने नवोदय विद्यालये काढली. तेथे सहावीत प्रवेशपरीक्षा घेऊन निवास, भोजन व शिक्षण ह्यांची सोय केली जाते. विज्ञानाच्या ऑलिम्पियाड परीक्षांची पुढील शिबिरे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरतात. परंतु परीक्षा ही मुलाच्या आवडीमागून यावी. आवड मारून परीक्षा देववू नये.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी ज्यांस धडा लवकर समजतो त्यांनी सावकाशीचे सोंग करू नये. आम्हांस येऊन सांगावे. आणि ज्यांस पहिला क्रमांक कधी मिळाला नाही त्यांनी आपल्या वहीच्या मागच्या पानांची लाज बाळगू नये. हल्ली आमच्या वर्गाच्या मागील भिंतीवर एक लहानसा फळा आहे. दर सोमवारी त्यावर एक प्रश्न लिहिला जातो, आणि तो सुटेपर्यंत पुसला जात नाही. त्यावर आम्ही लिहिलेला पहिला प्रश्न विषम संख्यांच्या बेरजेचा होता. ज्याने तो आम्हांस शिकविला तो मुलगा आज कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्याच्या वहीवरील तो तांबडा शेरा आम्ही विसरलो नाही, आणि विसरूही इच्छीत नाही.