पाळी परतण्यापूर्वीच

शाळाप्रवेशाच्या नोंदवहीत भावंडांच्या जन्मतारखा आम्ही अनेक वर्षे लिहीत आलो आहोत. कधी कधी दोन तारखांत जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर आढळते. त्यामागे बहुधा एक जुनी समजूत असते : मूल अंगावर पीत आहे आणि पाळी आलेली नाही, तोवर दिवस जाणार नाहीत. या समजुतीत सत्य आहे, पण अर्धे. आणि अर्ध्या सत्याची किंमत बाळंतिणीला मोजावी लागते.

हा विषय पुरुषाने का मांडावा, असे कोणी विचारील. दवाखान्याची वाट, गाडीभाडे आणि दुसऱ्या मुलाचा विचार यांत घरच्या पुरुषाचा शब्द चालतो. म्हणून त्यालाही हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

रामनगर हे कर्नाटकातले, पण घराघरांत मराठी-कोंकणी बोलणारे गाव. सुपा धरणामुळे उठलेली कुटुंबे येथे वसली. मराठीत बाईला 'कावळा शिवतो', कन्नडात पाळीला 'मुट्टु' म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी स्पर्शच आहे. शिवावे की न शिवू द्यावे एवढेच भाषेने सांगितले; शरीरात काय घडते ते सांगावयाचे राहून गेले.

प्रसूतीनंतर चार ते सहा आठवडे अंगावरून जाते, ती पाळी नव्हे. 'अष्टांगहृदया'त वाग्भटाने सूतिकावस्था दीड महिन्याची सांगून, पुन्हा आर्तव दिसेपर्यंत ती मानण्याचे मतही नोंदविले आहे. बाळ अंगावर पीत नसेल तर पाळी बहुधा सहा ते आठ आठवड्यांत परतते. पीत असेल तर त्याच्या चोखण्यामुळे मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी कित्येक महिने लांबते. दिवसरात्र पाजणे चालू असेल तोवरच हा बांध टिकतो.

१९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी तीन अटी निश्चित केल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे. ते जवळजवळ संपूर्णपणे आईच्या दुधावर असावे. आणि पाळी आलेली नसावी. तिन्ही पाळल्या तर शंभरांतील ९८ हून अधिक स्त्रियांना त्या काळात दिवस जात नाहीत. एक अट मोडली की भरवसा संपला. आपल्याकडे उष्टावण होते ते साधारण याच सुमारास, हे ध्यानात ठेवावे.

मुख्य गोम पुढेच आहे. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे पाळी दिसण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो, आणि पाळी आली नाही म्हणून तो ध्यानातही येत नाही. दोन बाळंतपणांमध्ये शरीराला रक्त भरून काढावयास अवसर हवा; बाळ जन्मल्यावर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

साधने दूर नाहीत. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसविता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली 'छाया' ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते; सहा आठवड्यांनंतर 'अंतरा' हे इंजेक्शन घेता येते. ही दोन्ही २०१७ पासून शासकीय योजनेत विनामूल्य आहेत. पुरुषासाठी निरोध आहेच. कोणते साधन योग्य, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाळी आल्यावर दूध 'नासते' हा समज निराधार आहे. पाजणे चालू ठेवावे. पहिल्या काही पाळ्या अनियमित असू शकतात. मात्र तासाभरात घडी भिजेल इतका स्राव, दुर्गंधी वा ताप असेल, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. प्रसूतीत अतिरक्तस्राव होऊन नंतर दूधही नाही आणि पाळीही नाही, असे झाल्यासही तपासणी हवी.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. मराठी भाषेत हा विषय उच्चारण्याची सोय तेव्हाच झाली आहे. आता सासूबाईंनी उष्टावणाचा मुहूर्त पाहावा, आणि त्याआधी मुलाने सुनेला दवाखान्यात न्यावे, एवढेच मागणे आहे.