किल्लारी : जमीन शांत झाल्यावर
३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे १० हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपेतच घात केला. अशा आपत्तीनंतर झोप उडणे, दचकणे साहजिकच. बहुतेक जण हळूहळू सावरतात. पण तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे घडणे, त्याची आठवण टाळणे, मन बधिर होणे, सतत धास्तावलेले असणे हे महिन्याहून अधिक टिकले आणि रोजचे जगणे अडले, तर तो आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. कधी तो सहा महिन्यांनीही डोके वर काढतो. ‘झालं गेलं विसर’ हा सल्ला आपुलकीचा, पण निरुपयोगी. मानसोपचाराने फरक पडतो. टेलि-मानस हेल्पलाइन : १४४१६, मोफत, चोवीस तास.