चिंपांझी ‘बोलतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

कोको नावाची गोरिला कॅमेऱ्यासमोर बसून हातांनी खुणा करते आणि पडद्यावर अर्थ झळकतो: माणसांनो, पृथ्वी वाचवा! हा व्हिडिओ पर्यावरण दिन आला की कुणीतरी पाठवतंच. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या: ‘मुक्या जनावराला कळतं, माणसाला कळत नाही.’ कोको खरी होती आणि व्हिडिओही खराच आहे. पण २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेसाठी तो तयार झाला, तेव्हा मजकूर माणसांनी लिहून तिच्यापुढे ठेवला होता आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे जोडून तो सलग केला होता. ही माहिती बनवणाऱ्यांनीच दिली होती. पुढे ढकलणाऱ्यांनी नेमकं तेवढंच वाचलेलं नसतं.

गैरसमज असा: चिंपांझी-गोरिलांना फक्त कंठ साथ देत नाही, हाताच्या खुणा शिकवल्या की ते आपल्यासारखे बोलू लागतात. हे निव्वळ अडाण्यांचं मत असतं तर सोडून देता आलं असतं. पण कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनाही एकेकाळी हे सिद्ध होईल असं वाटत होतं, आणि त्यांनी त्यासाठी आयुष्यातली काही वर्षं खर्ची घातली.

टेरेस हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. १९७३ साली ओक्लाहोमात जन्मलेलं चिंपांझीचं पिल्लू अवघ्या काही दिवसांचं असताना त्यांनी न्यूयॉर्कला आणवलं. भाषा ही फक्त माणसाची मिरास आहे असं म्हणणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींना चिमटा काढत त्याचं नाव ठेवलं नीम चिम्स्की. नीम आधी एका कुटुंबात, मुलाबाळांत वाढला. मग विद्यापीठाच्या मालकीच्या एका मोठ्या बंगल्यात. साठच्या आसपास शिक्षकांनी त्याला अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवल्या. पावणेचार वर्षांच्या आतच तो १२५ खुणा शिकला, आणि खुणा जोडून केलेले हजारो ‘उच्चार’ टिपून ठेवले गेले.

सुरुवातीला आकडे उत्साह वाढवणारेच होते. ‘आणखी’ ही खूण नीम बहुतेक वेळा आधी करायचा, मग वस्तूची. म्हणजे शब्दक्रम आला, व्याकरणाचा अंकुर फुटला! टेरेस यांनाही तसंच वाटलं. १९७७ साली पैसा आणि माणसं दोन्ही अपुरी पडू लागल्यावर नीमला परत ओक्लाहोमाला पाठवलं. त्यानंतर टेरेस चित्रफिती निवांत बघायला बसले, आणि तोवर नीमच्या हातांवर खिळलेली नजर पहिल्यांदाच शिक्षकांच्या हातांकडे गेली.

एका चित्रमालिकेत नीम ‘मी–मिठी–मांजर’ अशा तीन खुणा ओळीनं करतो. छान वाक्य! पण नीम ‘मी’ करतो त्याच क्षणी शिक्षिकेच्या हाताची खूण आहे ‘तू’. तो ‘मांजर’ करतो तेव्हा तिची खूण आहे ‘कोण?’. ते वाक्य नव्हतं. प्रत्येक खुणेला शिक्षिकेकडून धक्का मिळत होता. चित्रफितींच्या विश्लेषणात नीमनं आपणहून सुरू केलेल्या खुणा निघाल्या सुमारे १२ टक्के. बाकी शिक्षकांच्या मागून, आणि त्यातल्या बऱ्याचशा तर शिक्षकांनी नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल.

लांबीचंही तेच. नीमच्या उच्चाराची सरासरी लांबी एक ते दीड खुणेच्या आसपास घोटाळत राहिली. मूल ऐकू येणारं असो वा कर्णबधिर, वय वाढतं तशी त्याची वाक्यं लांबत जातात आणि प्रत्येक जादा शब्द काहीतरी नवं सांगतो. नीमच्या सर्वांत लांब उच्चारात सोळा खुणा आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ: दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. सोळा खुणा आणि आशय एकच: संत्रं हवंय.

टेरेस यांनी हे सगळं तीन सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९७९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. नेवाडात वाढलेल्या वाशो या चिंपांझी मादीच्या चित्रफितीही त्यांनी तपासल्या आणि तिथेही शिक्षकांचे हात आधी हललेले दिसले. वाशोनं हंस पाहून ‘पाणी–पक्षी’ असा नवा शब्द घडवला, हा किस्सा आजही कौतुकानं सांगतात. टेरेस यांचा प्रश्न साधा होता: समोर पाणीही आहे आणि पक्षीही; तिनं दोन्हींच्या खुणा एकामागून एक केल्या नसतील कशावरून?

म्हणजे शिक्षक लबाड होते का? मुळीच नाही. आपल्याकडे नंदीबैलवाला ‘पाऊस पडंल का?’ विचारतो आणि बैल मान डोलावतो. पण इशारा आपण दिलाय हे त्या बाबाला ठाऊक असतं. बर्लिनमधल्या ‘गणिती’ घोड्याच्या, हान्सच्या मालकाला तेही ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल घोडा टिपतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवून दिलं. नीमचे शिक्षक हान्सच्या मालकासारखे होते: प्रामाणिक, आणि म्हणूनच बेसावध.

आक्षेप आले, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. इतके शिक्षक बदलल्यावर, बक्षीस देत देत, स्किनरी पद्धतीनं घोटून घेतल्यावर दुसरं काय होणार, असं वाशोच्या संशोधकांचं म्हणणं होतं. पुढे कांझी या बोनोबो जातीच्या वानरानं माणसाच्या तोंडची इंग्रजी वाक्यं ऐकून ६६० सूचनांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश बरोबर पाळल्या. दोन वर्षांच्या मुलीपेक्षा तो कणभर सरसच ठरला. मात्र सूचना कळणं वेगळं आणि स्वतः वाक्य रचणं वेगळं. ते कांझीलाही साधलं नाही.

खरा फरक व्याकरणाच्याही आधी पडतो. दीड वर्षाचं मूल खिडकीबाहेर बोट दाखवून ‘काऊ!’ म्हणतं, आणि आईनं तिकडे बघितलं की खूश होतं. त्याला कावळा नको असतो, तो दाखवायचा असतो. नीमच्या खुणा जवळजवळ सगळ्या मागण्यासाठी होत्या: दे, खाऊ, गुदगुल्या, आणखी. टेरेस यांनी २०१९च्या आपल्या पुस्तकात यावरच बोट ठेवलंय: भाषेची सुरुवात वाक्यापासून नाही, दोघांनी मिळून एका गोष्टीकडे पाहून तिला नाव देण्यापासून होते.

आता किरकोळ गैरसमज.

‘माकडांचा घसाच बोलण्याजोगा नसतो.’ २०१६ साली मॅकाक माकडांच्या कंठमार्गाची क्ष-किरण चित्रं तपासली गेली. बोलता येतील इतके वेगवेगळे स्वर त्या घशातून निघू शकतात. तो चालवणारा मेंदू मात्र तसा नाही.

‘सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे.’ तिला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे. कर्णबधिर मुलं ती मातृभाषेसारखी शिकतात. म्हणून तर नीमला ती आली नाही.

‘माणूस चिंपांझीपासून झाला.’ नाही हो. दोघांचा पूर्वज एक, आणि वाटा फुटून साधारण ६०-७० लाख वर्षं झाली.

‘नीम पुढे सुखात राहिला.’ १९८२मध्ये त्याला वैद्यकीय प्रयोगशाळेत विकलं होतं. ओरड झाली म्हणून सुटला आणि टेक्सासच्या प्राणी-आश्रयस्थानात २००० साली, २६व्या वर्षी वारला.

आणि शेवटचा, उलट दिशेचा: ‘टेरेस यांनी प्राणी मठ्ठ असल्याचं सिद्ध केलं.’ नीमनंतरची कित्येक वर्षं हाच माणूस कबुतरं, माकडं आणि माणसं क्रम कसा लक्षात ठेवतात हे अभ्यासत होता. १९९८ साली एलिझाबेथ ब्रॅनन आणि टेरेस यांनी दोन ऱ्हीसस माकडांना एक ते चार आकृत्यांचे गट चढत्या क्रमानं स्पर्श करायला शिकवलं. मग कधीच न शिकवलेले पाच ते नऊचे गट पुढे ठेवले. माकडांनी लहान-मोठा क्रम बरोबर लावला. पुढच्या एका प्रयोगात नवी यादी शिकताना माकडांना पडद्यावरची मदत मागायची सोय होती. सुरुवातीला ती वारंवार मागत. यादी पाठ होत गेली तशी मागणी कमी झाली. आपल्याला काय येत नाही याचा अंदाज त्यांना होता. हे सगळं एकाही शब्दाशिवाय. विचार करायला भाषा लागतेच असं नाही, हे टेरेस यांच्या माकडांनी दाखवलं. मग त्यांना हुशार ठरवण्यासाठी आपली वाक्यं त्यांच्या हातांत कोंबायची गरजच काय?