विणकरांच्या शहरातले वनस्पतिशास्त्र

‘मॅन्जिफेरा इंडिका एल.’ हे आंब्याचे शास्त्रीय नाव. वर्गात पाठ करून घेताना आम्ही शेवटचे ‘एल.’ सहसा सोडून देतो. ते स्वीडनच्या लिनियस यांचे. पण त्यांचा वनस्पतिसंग्रह बरीच वर्षे राहिला इंग्लंडमधल्या नॉर्विचला. लोकरी कापडाचे हे जुने शहर. इथले विणकरही फुलझाडांचे मोठे शौकीन.

जेम्स एडवर्ड स्मिथ इथल्याच कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव. संग्रह विक्रीला निघाल्याचे कळताच चोवीस वर्षांच्या स्मिथ यांनी वालिदांची मनधरणी करून सुमारे १००० गिनी मिळवल्या. १७८४ मध्ये वाळवलेली झाडे, कीटक, ग्रंथ असे सारे जहाजाने लंडनला आले. १७८८ मध्ये त्यांनी तिथे लिनियन सोसायटी स्थापली. १७९६ मध्ये संग्रहासह ते नॉर्विचला परतले.

एवढे आलिम! तरी १८१८ मध्ये केंब्रिजला वनस्पतिशास्त्रावर व्याख्याने द्यायचे ठरले, तेव्हा विरोध झाला. ते त्या विद्यापीठाचे नव्हते, आणि युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती होते. झाडाची पाने मोजायला त्रैक्य कशाला लागते, ते आम्हाला तरी उमगत नाही. स्मिथ यांनी पुस्तिका छापून जाब विचारला.

१८२८ मध्ये ते वारले; संग्रह सोसायटीने विकत घेतला. १९६७ मध्ये जॉन इनेस संस्था नॉर्विचला आली. तिथे आज गहू-वाटाण्याच्या जनुकांवर संशोधन चालते.