मोती दिसला पाहिजे

अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून उरलेली तीन बोटे पसरली की ‘हंसास्य’ ही हस्तमुद्रा होते. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथात या एकाच मुद्रेचे अनेक उपयोग सांगितले आहेत. मोती दाखवायचा असो, दिव्याची वात सारायची असो, चित्र रेखाटायचे असो, उपदेश करायचा असो किंवा सोने कसाला लावायचे असो, हात हाच. मग नर्तिकेच्या चिमटीत मोती आहे की वात, हे समोर बसलेल्याला कसे कळते?

जवाहिराच्या पेढीवर वाढलेल्यांना याचे उत्तर सहज सापडेल. मोती पारखणारा तो उजेडाकडे धरतो, डोळे किंचित बारीक करतो, क्षणभर बोलणे थांबवतो. वात सारणाऱ्याची बोटे मात्र चटका बसू नये म्हणून जपून पुढे जातात आणि ज्योत स्थिर झाली की चेहरा निवांत होतो. वस्तूची ओळख हातापेक्षा नजरेतून पटते. अभिनयाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः या नजरेचे शिक्षण होय.

‘अभिनय’ या शब्दात ‘नी’ हा धातू आहे. त्याचा अर्थ नेणे. जो अर्थ प्रेक्षकापर्यंत नेतो, तो अभिनय. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगांनी होणारा तो आंगिक, वाणीने होणारा वाचिक, वेशभूषा व अलंकारांनी साधणारा आहार्य आणि मनाच्या एकाग्रतेतून उमटणारा सात्त्विक. पहिले तीन शिकवता येतात. चौथ्यासाठी गुरू केवळ वाट दाखवू शकतात.

भरतनाट्यमच्या वर्गात या वाटेचा आरंभ पाठांतराने होतो. अभिनयदर्पणातील एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा, मस्तकाचे नऊ, दृष्टीचे आठ आणि मानेचे चार भेद मुली तोंडपाठ म्हणतात. ही झाली बाराखडी. पुढे एकेका शब्दाचा अर्थ हाताने सांगणे येते. त्यानंतर एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते आणि प्रत्येक वेळी तिचा निराळा अर्थ उलगडायचा असतो. यांना संचारी म्हणतात. आई बाळाला ‘ये’ म्हणते एवढीच ओळ असली, तरी एकदा ती हात पसरून बोलावते, एकदा लोण्याचे आमिष दाखवते, एकदा खोटे रागावते, एकदा तोंड फिरवून बसते आणि हळूच मागे वळून पाहते.

येथेच शिकणारीची खरी परीक्षा लागते. गुरूंच्या भुवया जशा उचलल्या गेल्या तशा आपल्या उचलणे कठीण नसते. आरशासमोर आठवडाभर सराव केला की तेवढे जमते. परंतु असा चेहरा प्रेक्षकाला हालचाल दाखवतो, आई दाखवत नाही. ज्या मुलीने घरी आजी नातवाला कशी बोलावते हे लक्ष देऊन पाहिले असेल, तिचा हात कदाचित थोडा चुकेल, पण आई दिसेल. म्हणूनच जाणते गुरू अनेकदा विद्यार्थिनीला सांगतात, की आरसा बाजूला ठेव आणि माणसांकडे पाहा.

बालसरस्वती (1918–1984) यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. त्यांच्या आजी वीणा धनम्माळ पदम् या गीतप्रकारासाठी विख्यात होत्या. आई जयम्माळ त्यांच्या नृत्याला गात असत. नृत्याचे शिक्षण त्यांना कंदप्पा पिळ्ळै यांनी दिले, तर अभिनय त्या मैलापूर गौरी अम्माळ यांच्याकडूनही शिकल्या. 1925 साली, वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी पहिला कार्यक्रम केला. परंतु ‘कृष्णा नी बेगने बारो’ या कन्नड रचनेवरील ज्या अभिनयासाठी त्या जगभर ओळखल्या गेल्या, तो पुढील आयुष्यभर परिपक्व होत राहिला. सत्यजित राय यांच्या ‘बाला’ (1976) या माहितीपटात साठीच्या जवळ आलेल्या बालसरस्वती समुद्रकिनारी कृष्णाला बोलावताना दिसतात. तेथे बाळ नाही, तरी पाहणाऱ्याला ते दिसत राहते.

त्यांना गीताचा शब्दन्‌शब्द ठाऊक होता. आपल्या मुलींपुढे मात्र वेगळी अडचण असते. भरतनाट्यममधील बहुतेक रचना तमिळ, तेलुगू वा कन्नड भाषेतल्या. अर्थ न कळता केलेला अभिनय पोकळच राहणार. या बाबतीत मराठी घरांना एक वारसा लाभला आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द 1798–1832) यांच्या दरबारात या नृत्याचा आजचा क्रम घडवणारे चार बंधू होते आणि त्याच राजांच्या नावे नृत्यासाठी रचलेली मराठी ‘निरूपणे’ही आहेत. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. मातृभाषेतील अशा रचनेपासून अभिनयाला आरंभ झाला, तर मुलीला शब्दाचा अर्थ शोधावा लागत नाही. ती थेट भावापाशी पोहोचते.

आता प्रश्न घरच्यांचा. दहावीची परीक्षा येण्यापूर्वी अरंगेत्रम उरकावे, सभागृह ठरवावे, आप्तेष्टांना निमंत्रणे धाडावीत, अशी घाई अनेक घरांत दिसते. खर्चाला कोणी मागे पाहत नाही. पण पावलांचा भाग मेहनतीने लवकर बसतो, अभिनयाला वर्षे द्यावी लागतात. घाईत उभ्या राहिलेल्या मुलीच्या अलारिप्पूला आणि तिल्लान्याला टाळ्या पडतात. मधले पदम् मात्र नातेवाईक घड्याळ पाहत काढतात, आणि तिला ते रंगमंचावरून दिसते. त्या रात्रीनंतर घुंगरू कपाटात गेले, तर दोष तिचा नव्हे. दोन वर्षे थांबण्याने पेढीचे काही बिघडत नाही, मुलीचे मात्र पुष्कळ सावरते.

थांबण्याबरोबर पाहणेही शिकावे लागते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील नीलांजनेचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करता करताच तिचे आयुष्य संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने तत्क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी नर्तिका उभी केली. सभेला काही कळले नाही. ऋषभदेवांना तेवढा फरक दिसला आणि त्यातून त्यांना वैराग्य झाले. नृत्य सर्वांनी पाहिले होते, लक्ष एकाचेच होते.

भगवंतांच्या त्या दृष्टीशी कोणी बरोबरी करावी असे नाही. परंतु संध्याकाळी पेढी बंद करून घरी आलेल्या वडिलांनी मोबाइल बाजूला ठेवून मुलीला म्हणावे, की आज काय शिकलीस ते न बोलता दाखव. तिने चिमटीत काहीतरी उजेडाकडे धरले, तर ते काय आहे हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. ओळखता आले नाही, तर तसे सांगावे. ती पुन्हा दाखवील, आणि या वेळी थोडे अधिक नीट पाहून दाखवील.