येथील रुग्णालय आणि विलायतेंतील रुग्णालय

मुंबईच्या एखाद्या सार्वजनिक रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून राबलेला तरुण पुढें इंग्लंडांत नोकरी करून सुटींत घरीं आला, म्हणजे आप्तेष्ट त्यास हटकून विचारतात, "काय रे, तिकडचें रुग्णालय चांगलें कीं इकडचें?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दांत देण्यासारखें नाहीं. रोग बहुतेक तेच, पुस्तकें तींच आणि औषधेंहि पुष्कळशीं तींच. अंतर आहे तें कामाच्या मांडणींत. आणि त्या अंतरावर कित्येकदां रोग्याचा जीव अवलंबून असतो.

पहिला भेद दाराशींच दिसतो. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें. तेथें किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत कोणीहि केसपेपर काढून थेट तपासून घेऊं शकतो. साधा खोकला आणि क्षय एकाच रांगेंत उभे असतात. ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथें रोग्यानें आपलें नांव जवळच्या डॉक्टराकडे नोंदवावयाचें असतें, आणि तातडीचा प्रसंग सोडल्यास तज्ज्ञाकडे जाण्यास सामान्यतः त्या डॉक्टराची चिठ्ठी लागते. यामुळें रुग्णालयांतील तरुण डॉक्टराच्या वांट्यास रोगी थोडे येतात व प्रत्येकाशीं चार शब्द बोलण्यास सवड मिळते. पण ही सवड फुकट मिळत नाहीं. चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांच्या आंत १०० पैकीं ९२ रोग्यांवर उपचार सुरू व्हावे, असें इंग्लंडांतील उद्दिष्ट आहे. तें २०१६ नंतर अनेक वर्षें गांठतां आलें नाहीं. येथें रोगी रांगेंत ताटकळतो, तेथें घरीं.

दुसरा भेद वॉर्डांतला. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेंत पोंचविणें, रक्तपेढींतून पिशवी आणणें, ट्रॉली ढकलणें हीं कामें तेथें नेमलेलीं माणसें करतात. येथें वॉर्डबॉय आणि मावशी अपुरे पडले, कीं तीं रोग्याच्या नातेवाइकांवर किंवा खुद्द निवासी डॉक्टरावर येऊन पडतात. मात्र अफाट गर्दीमुळें येथील तरुणाचा हात लवकर बसतो, आणि आईच्या हातची पेज रोग्यास खाटेवर मिळते, हेंहि विसरतां कामा नये.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे विश्रांतीचा. ब्रिटनमध्यें शिकाऊ डॉक्टरांस सरासरीनें आठवड्यास ४८ तासांची मर्यादा २००९ पासून लागू झाली. आपल्याकडे नियम नाहीं असें नव्हे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या आदेशांतहि सामान्यतः सलग १२ तास व आठवड्यास ४८ तास हेंच प्रमाण सांगितलें आहे. परंतु "निकडीचा प्रसंग वगळून" अशी त्यांत सवलत आहे, आणि गर्दीच्या रुग्णालयांत निकड रोजचीच असते. म्हणून २४ किंवा ३६ तासांची सलग पाळी येथील निवासी डॉक्टरांस अपरिचित नाहीं. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं हात व डोळे यांच्या मेळाची परीक्षा घेतली. २४ तास जागलेल्या माणसाचें काम, रक्तांत सुमारें ०.१ टक्का मद्यार्क असलेल्या माणसाच्या कामाइतकें बिघडलेलें आढळलें. भारतांत मोटार हांकणारास कायद्यानें ०.०३ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. ज्याच्या हातीं आपण मोटारीचें चक्र देणार नाहीं, त्याच्या हातीं सुई व औषधाची मात्रा देतों.

अर्थात् पाळ्या आंखूड केल्या, कीं रोगी एका हातांतून दुसऱ्या हातांत अधिक वेळां जातो आणि एखादी गोष्ट सांगावयाची राहून जाते. म्हणून तेथें पाळी बदलतांना जुन्या व नव्या तुकडीनें एकत्र बसून कोणाची प्रकृति अधिक बिघडली आहे, कोणाची तपासणी यावयाची आहे, हें सांगण्याची रीत आहे. यास वेळ लागतो, पैसा लागत नाहीं. अशीच दुसरी गोष्ट म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर वाचावयाची १९ कलमांची यादी. ती लंडन व नवी दिल्ली यांसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहण्यांत आली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. कागदाचें एक पान श्रीमंत व गरीब या दोन्ही देशांत उपयोगी पडलें.

विलायत म्हणजे स्वर्ग, असें मात्र कोणीं समजूं नये. वेतन व कामाच्या अटी यांवरून इंग्लंडच्या तरुण डॉक्टरांनीं २०१६ मध्यें व पुन्हां २०२३-२४ मध्यें संप केले. गंमत अशी, कीं २०२४ सालीं त्यांनीं आपलें जुनें नांव टाकून "निवासी डॉक्टर" हें नांव घेतलें; आपल्याकडे तें कित्येक वर्षांपासून रूढ आहे.

सारांश, येथील रुग्णालय माणसाच्या सोसण्यावर चालतें आणि तेथील ठरविलेल्या व्यवस्थेवर. सोसण्याला मर्यादा आहे. मोठ्या इमारती व महाग यंत्रें यांस वेळ लागेल. परंतु पाळी बदलतांना नीट सांगणें, यादी मोठ्यानें वाचणें आणि जागलेल्या डॉक्टरास घरीं पाठविणें, यांपैकीं पहिल्या दोहोंस केवळ शिस्त पुरेशी आहे. तिसऱ्यास मात्र अधिक डॉक्टर नेमावे लागतील, आणि तो खर्च करावयाचा कीं नाहीं हें नागरिकांनींच ठरवावयाचें आहे. कारण खाटेवर त्यांचींच माणसें असतात.